फोटो काढण्याआधी बेल वाजवा : वसाहतीच्या समितीला आणि ग्रुपच्या ॲडमिनना खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि समितीचे सर्व सदस्य,
तसेच वसाहतीच्या ग्रुपचे ॲडमिन,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या बैठकीनंतर तुम्ही काढलेलं परिपत्रक मी तीनदा वाचलं. ‘बर्फ थांबल्यापासून २४ तासांत ज्या घरापुढचा फुटपाथ मोकळा झालेला नसेल, त्याचा फोटो रहिवाशांनी घर क्रमांकासह ग्रुपवर टाकावा, समिती त्याची नोंद घेईल,’ असं त्यात लिहिलं आहे. त्यावर मी ग्रुपवर सहा ओळींची हरकत घेतली. अर्ध्या तासात ती काढून टाकली गेली आणि ‘वातावरण बिघडू नये’ म्हणून मला सात दिवस ग्रुपवर लिहायला बंदी झाली. म्हणून हे पत्र. समितीच्या हातात ते देते आहेच, पण सगळ्यांना वाचता यावं म्हणून उघडही करते आहे.

माझा या सगळ्याशी काय संबंध, ते आधी सांगते.

शुक्रवारी रात्री सुरू झालेला बर्फ रविवारी सकाळी थांबला. सोमवारी सकाळी पावणेनऊला ग्रुपवर माझ्या शेजारच्या काकांच्या घराचा फोटो आला. घराचा क्रमांक स्पष्ट दिसत होता आणि दारातल्या गाडीची नंबरप्लेटही. खाली लिहिलं होतं, ‘यांना फुटपाथ म्हणजे काय ते कोणीतरी समजावून सांगा.’ दुपारपर्यंत त्याखाली लोक तुटून पडले होते. कोणी ‘आळशी’ म्हटलं. कोणी ‘मीठ टाकायला काय जातं?’ असं विचारलं. ‘झेपत नसेल तर घर विका आणि फ्लॅटमध्ये जा,’ असंही एकाने लिहिलं, आणि त्याला सगळ्यात जास्त अंगठे मिळाले. लिहिणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या प्रोफाइलला खरं नाव नाही.

काका पंचाहत्तरीच्या घरात आहेत आणि एकटे राहतात. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. ग्रुपवर हे कोणाला माहीत नव्हतं आणि माहीत असण्याचं कारणही नव्हतं. मला मात्र माहीत होतं. तो फोटो मी नऊ वाजता पाहिला. माझा फुटपाथ झाला होता, कामावर जायची घाई होती, मी फोन खिशात टाकला आणि निघाले. संध्याकाळी आले तेव्हाही वाटलं, उद्या बघू. या पत्रात मी तुम्हाला जे सुनावणार आहे त्यातला माझा वाटा हा एवढा आहे आणि तो मी आधीच कबूल करते.

रात्री अकराच्या सुमारास बाहेर फावडं घासल्याचा आवाज आला. खिडकीतून पाहिलं तर दिव्याच्या खांबाखाली काका उभे होते. अंगात घरातला स्वेटर, त्यावर कोट, पण कोटाची बटणं लावलेली नव्हती. फावड्याचा दांडा दोन्ही हातांनी धरून त्यांनी त्यावर कपाळ टेकलं होतं. मी धावत गेले. त्यांचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. मी फावडं घ्यायला लागले तर ते म्हणाले, “राहू दे गं, चार फावडी राहिलीत. उद्या परत फोटो नको.” त्यांना पायरीवर बसवलं. हात छातीवर होता. रुग्णवाहिका बोलावते म्हटलं तर त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. “दिवे लावून गाडी येईल, सगळे बघतील, तेही टाकतील कोणीतरी.” वीस मिनिटं आम्ही तसेच बसलो होतो. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात लांब वीस मिनिटं होती. श्वास जरा बसल्यावर त्यांना आत नेलं आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे घेऊन गेले. आता ते बरे आहेत. पण छातीत दुखत असताना माणूस मदत नको म्हणतो, ती फोटोच्या धास्तीने, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आणि त्यानंतर सहा दिवसांनी तुम्ही त्याच फोटोचा नियम केलात.

आता तक्रारी.

पहिली या नियमाचीच. बर्फ उपसणं म्हणजे काय, याचा हिशेब बैठकीत कोणी केला होता का? आपल्या ओळीतल्या एका घरापुढचा फुटपाथ साधारण १२ मीटर लांब आणि दीड मीटर रुंद आहे. त्यावर ४५ सेंटिमीटर बर्फ म्हणजे आठ घनमीटर. ताजा, कोरडा बर्फ घनमीटरला ५० ते १०० किलो भरतो, म्हणजे ४०० ते ८०० किलो. पण रविवारी दुपारी ऊन पडलं, बर्फ ओला होऊन बसला. असा बर्फ घनमीटरला सहज ३०० किलो होतो. ढीग खाली बसतो, एकूण वजन तेच राहतं, पण प्रत्येक फावडं जड होतं. एका फावड्यात पाच-सहा किलो धरला तरी ८०० किलोंना १३० च्या वर फावडी. थंडीने रक्तवाहिन्या आधीच आवळलेल्या असतात, त्यात वजन उचलताना माणूस नकळत श्वास रोखतो, रक्तदाब झपकन चढतो. १९९० ते २००६ या १७ वर्षांत एकट्या अमेरिकेत बर्फ उपसताना काही ना काही होऊन सुमारे १,९५,१०० लोकांना रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावं लागलं, असा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १,६४७ मृत्यू होते आणि ते सगळे हृदयाचे. घरासमोर बर्फ दिसला की आत आळशी माणूस आहे असं धरून चालणारा नियम तुम्ही केला आहे. आत ताप आलेली बाई असू शकते, तान्ह्या मुलाची एकटी आई असू शकते, रात्रपाळी करून सकाळी झोपलेला माणूस असू शकतो. बेल वाजवली की ते कळतं. रस्त्याच्या पलीकडे उभं राहून फोटो काढला तर नाही कळत.

आणि मिठाचं म्हणाल तर त्या रात्री पारा उणे १४ वर होता. बर्फ वितळवायला टाकतात ते साधं मीठ उणे नऊ-दहाच्या खाली जवळपास कामाचं राहत नाही. सल्ला देणाऱ्याला ते माहीत नसेल, मी समजू शकते. पण समितीने निदान एवढी माहिती तरी द्यायला हवी होती.

दुसरी तक्रार प्लाऊची, म्हणजे रस्त्यावरचा बर्फ लोटणाऱ्या गाडीची, आणि मला वाटतं सगळ्या भांडणांचं मूळ तिथेच आहे. आपल्या गल्लीत प्लाऊ दुसऱ्या फेरीत येणार, म्हणजे मोठे रस्ते, बसचे रस्ते आणि रुग्णालयाकडचा रस्ता झाल्यावर, हे समितीला शुक्रवारी संध्याकाळीच कळवलेलं होतं. तो क्रम बरोबरच आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण तुम्ही ते ग्रुपवर टाकलं नाहीत. गाड्या रस्त्यावरून हलवा ही सूचना आली रात्री ११ वाजून ५० मिनिटांनी. तोवर लोक झोपले होते. सकाळी प्लाऊ आला, अर्ध्या गल्लीत गाड्या होत्या, तो अर्धी गल्ली सोडून निघून गेला. त्यानंतर दोन दिवस ग्रुपवर ‘गाडीवाल्यांनी गल्ली अडवली’ म्हणून आगपाखड चालली. गाडीवाल्यांना सूचना मिळाली होती का, हे एकाही ॲडमिनने सांगितलं नाही. चूक सूचनेच्या वेळेची होती आणि ती समितीची होती. तुम्ही गप्प बसलात आणि शेजारी एकमेकांना खात राहिले.

प्लाऊचं पातं तिरकं असतं. तो बर्फ एका कडेला लोटत जातो, म्हणून एका बाजूच्या घरांपुढे जास्त ढीग पडतो आणि ड्राइव्हवेच्या, म्हणजे घरातून रस्त्यावर येणाऱ्या गाडीच्या वाटेच्या, तोंडाशी दगडासारखा घट्ट बांध तयार होतो. सकाळी सहाला उठून ज्यांनी ड्राइव्हवे लख्ख केला, त्यांना आठ वाजता पुन्हा मांडीएवढा बांध दिसला. राग येणारच. तो राग समोरच्यांवर निघाला : ‘त्यांनी त्यांचा बर्फ आमच्याकडे टाकला.’ दोन घरांमध्ये रस्त्यात उभं राहून जे झालं त्याचा व्हिडिओ कोणीतरी वरच्या मजल्यावरून काढला आणि ग्रुपवर टाकला. त्यात एक शाळकरी मुलगी आईचा हात धरून “आई, घरात चल ना” म्हणताना ऐकू येते. तो व्हिडिओ अजूनही ग्रुपवर आहे आणि दुसऱ्या वसाहतींच्या ग्रुपवरही पोचला आहे. माझी सहा ओळींची हरकत अर्ध्या तासात गेली, हा व्हिडिओ मात्र अकरा दिवस तसाच आहे. ॲडमिननी याचं उत्तर द्यावं.

बर्फ कुठे टाकायचा हा प्रश्न क्षुल्लक वाटत असेल तर एक आठवण करून देते. फेब्रुवारी २०२१ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या प्लेन्स टाउनशिपमध्ये याच कारणावरून शेजाऱ्यांची बाचाबाची झाली. एकाने समोरच्या नवरा-बायकोला रस्त्यात गोळ्या घालून मारलं आणि नंतर स्वतःचाही जीव घेतला. त्या भांडणाचाही व्हिडिओ पुढे सगळीकडे फिरला. आपल्याकडे असं काही होईल असं मी म्हणत नाही. पण दोन ओळखीची माणसं फावडं हातात घेऊन समोरासमोर उभी असताना समितीचा एकही माणूस खाली उतरला नाही आणि शंभर माणसांनी ते फोनवर पाहिलं, हे मला भयंकर वाटतं.

खुर्च्यांबद्दल थोडक्यात. दोन तास खपून गाडीपुरती जागा मोकळी करायची, कामावर जाऊन यावं तर तिथे दुसऱ्याची गाडी. म्हणून लोक खुर्ची ठेवतात, कोणी कचऱ्याचा डबा ठेवतं. मग कोणी ती खुर्ची उचलून फेकतं, आणि त्याचाही फोटो निघतो. हे भांडण जुनं आहे. शिकागोत अशी जागा राखण्याला ‘डिब्ज’ म्हणतात. बॉस्टनमध्ये बर्फासाठी जाहीर केलेली आणीबाणी उठल्यानंतर ४८ तासच वस्तू ठेवून जागा राखता येते, पुढे ती उचलली जाते. तिथे २०१४-१५ च्या हिवाळ्यात २८० सेंटिमीटर बर्फ पडला होता. म्हणजे नियम करणं अशक्य नाही. परवानगी द्या, नाही तर मनाई करा, पण एकदा काय ते लिहून ठेवा. आज ज्याचा आवाज मोठा त्याची जागा, असं चाललं आहे.

आणि एक गोष्ट, जी मला रात्री झोपू देत नाही. काकांच्या घराचा तो फोटो मी नंतर मोठा करून पाहिला. उजव्या कोपऱ्यात बर्फातून एक लाल टोपण दिसतं, हाताच्या पंजाएवढं. तो कोपऱ्यावरचा हायड्रंट आहे, आग लागली तर बंबाला पाणी देणारा. तो चार दिवस गाडलेला होता. फोटोखाली एवढ्या लोकांनी लिहिलं, पण एकालाही तो दिसला नाही. तुमच्या परिपत्रकातही त्याचा उल्लेख नाही.

फेब्रुवारी १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातले रस्ते बर्फाखाली कित्येक दिवस तसेच पडून होते. महापौर जॉन लिंडसे तिथे गेले तेव्हा लोकांनी त्यांना तोंडावर सुनावलं. शिकागोत जानेवारी १९७९ च्या हिमवादळात कारभार कोलमडला आणि पुढच्याच महिन्यात महापौर मायकेल बिलँडिक पक्षांतर्गत निवडणुकीत जेन बर्न यांच्याकडून हरले. त्या लोकांनी जाब विचारला तो ज्यांच्या हातात प्लाऊ होते त्यांना. आपल्या गल्लीत आज तोच राग शेजारच्या दारावर जातो आहे, आणि तो तिकडे जावा याची सोय आता समितीने स्वतःच करून दिली आहे. तुम्ही मुद्दाम केलंत असा माझा आरोप नाही. तुम्ही पदरमोड करून, वेळ काढून हे काम करता हे मी जाणते. पण परिणाम तोच होतो.

मी ग्रुप बंद करा म्हणणारी नाही. डिसेंबर २०२२ मध्ये बफेलो आणि आसपासच्या भागात हिमवादळात ४० हून जास्त माणसं गेली. रुग्णवाहिका लोकांपर्यंत पोचत नव्हत्या. तिथे एका बाईला बाहेर कोणीतरी ओरडताना ऐकू आलं. ६४ वर्षांचा एक माणूस थंडीने गोठत होता. तिने त्याला घरात घेतलं, हेअर ड्रायरने त्याच्या हातांवरचा बर्फ वितळवला, मदत येईना म्हणून फेसबुकवर थेट बोलून लोकांना हाक मारली, आणि ती ऐकून अनोळखी माणसं गाडी घेऊन आली, त्याला रुग्णालयात नेलं. तिच्याही हातात फोनच होता. काकांच्या घरासमोर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात होता तसाच.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

फोटोचा नियम मागे घ्या, आणि तो मागे घेतल्याचं ग्रुपवर लिहा. घर क्रमांक, नंबरप्लेट किंवा मुलांचे चेहरे दिसणारे या बर्फातले सगळे फोटो आणि तो व्हिडिओ काढून टाका. यापुढे कोणाच्याही फुटपाथबद्दल तक्रार असेल तर आधी त्याची बेल वाजवावी, दार उघडलं नाही तर समितीला फोन करावा. ग्रुपवर लिहायचं तर खऱ्या नावाने. ग्रुप दोनशे घरांचा आहे, यात लपण्यासारखं काय आहे?

प्लाऊ कधी आणि कोणत्या फेरीत येणार, गाड्या किती वाजेपर्यंत आणि कुठे हलवायच्या, हे बर्फाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आत कळवा. जे ग्रुपवर नाहीत त्यांना फोन करा, अशी नऊ घरं आहेत. उपसलेला बर्फ कुठे टाकायचा ते प्रत्येक ओळीसाठी ठरवा. गल्लीच्या टोकाचं मोकळं मैदान त्यासाठी वापरता येईल, असं मी दोन वर्षांपूर्वीही लेखी दिलं होतं. खुर्च्यांचा एक नियम करा. हायड्रंट कोणी मोकळा करायचा ते नावानिशी ठरवा.

ज्यांना फावडं उचलणं शक्य नाही त्यांची यादी करा. ती सचिवांकडेच राहील, ग्रुपवर जाणार नाही, आणि नाव देताना कोणालाही आजाराचं कारण विचारलं जाणार नाही. प्रत्येक नावापुढे दोन शेजारी जोडा. कॅलगरीत आणि पिट्सबर्गमध्ये असे स्वयंसेवक आहेत, त्यांना ‘स्नो एंजल्स’ म्हणतात. आपल्याकडे कॉलेजात जाणारी पंधरा-वीस मुलं आहेत. त्यांना कोणी विचारलेलंच नाही. मी तिघांना विचारलं, तिघंही हो म्हणाली.

काढून टाकलेली माझी हरकत परत लावा.

आणि काकांची माफी मागा. ग्रुपवर नको, तिथे पुन्हा त्यांचीच चर्चा होईल. अध्यक्षांनी आणि ज्यांनी तो फोटो टाकला त्यांनी, दोघांनी त्यांच्या दारात जावं. फोटो टाकणाऱ्यांचं नाव मी इथे लिहिलेलं नाही आणि लिहिणारही नाही. या पत्राखालीही त्यांच्याबद्दल कोणी वेडंवाकडं लिहू नये, अशी माझी हात जोडून विनंती आहे. त्यांच्या घरात काय चाललं आहे हेही आपल्याला माहीत नाही.

समितीकडे दिलेल्या प्रतीवर माझं नाव, घर क्रमांक आणि सही आहे. इथे ती मुद्दाम टाकलेली नाही, कारण माझ्या घरावरून काकांचं घर कोणालाही ओळखता येईल. पत्र देण्याआधी काकांना वाचून दाखवलं. त्यांनी दोन वाक्यं काढायला सांगितली, ती काढली आहेत. बाकीचं ‘जाऊ दे’ म्हणाले.

लेखी उत्तर पुढच्या सर्वसाधारण सभेच्या आत मिळावं. पण अंदाज असा आहे की गुरुवारी रात्री पुन्हा बर्फ पडणार, आणि तो सभेसाठी थांबणार नाही. म्हणून निदान फोटोचा नियम बुधवारपर्यंत मागे घ्या आणि प्लाऊची वेळ कळवा. शुक्रवारी सकाळी साडेसहाला मी आणि समोरची मुलगी काकांच्या फुटपाथवर असू. आमच्याकडे दोन फावडी आहेत. हायड्रंटसाठी तिसरं लागेल. समितीपैकी कोणी येणार असेल तर घेऊन या.

आपली,
याच गल्लीतली एक रहिवासी